नेरच्या हॉटेलात वाढदिवस

अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरला आम्ही मुलीचा पाचवा वाढदिवस हॉटेलात केला. सकाळी अकराची वेळ. तर्री-पोहे, आलुबोंडे, जिलेबी आणि छोटासा केक. जेवणावळीपेक्षा खर्चही बेताचा. आजोबा मात्र दाराशीच थबकले. लहानपणी त्यांना हॉटेलबाहेर, वेगळ्या कपात चहा मिळे. कपही स्वतःच विसळावा लागे. खरे तर २६ जानेवारी १९५० पासूनच संविधानाच्या १५ व्या कलमाने हॉटेलचे दार सर्वांना खुले झाले होते. १९५५ च्या कायद्याने असा भेद गुन्हा ठरला. तरी तो कप जायला आणखी वर्षे लागली. नातीने बोट धरून त्यांना मधल्या खुर्चीवर बसवले. बंधू-भगिनींनो, मुलांना केक जरूर भरवा. सोबत त्या कपाची गोष्टही सांगा.