माझ्या नावाने गेलेलं पत्र

चवथीच्या आधीचे आठ दिवस आम्हां गोंयकारांना कशाचीच शुद्ध नसते. घराची रंगरंगोटी, माटोळीचं सामान, आणि ऑफिसात 'सुट्टीआधी फायली हातावेगळ्या करा' हा धोशा. २०२४ च्या चवथीआधी अशाच एका दुपारी मला एक मेल आला. तुमची मेलपेटी भरली आहे, चोवीस तासांत खात्री करून दिली नाही तर खातं बंद होईल. मी घाईत टिचकी मारली, समोर आलेल्या पानावर पासवर्ड टाकला आणि पुन्हा फाईलीत डोकं घातलं. पान हुबेहूब नेहमीसारखं होतं. फक्त वरचा पत्ता वेगळा होता, आणि तो मी वाचलाच नाही.

वीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला माणूस मी. जावक क्रमांक आणि सही-शिक्का नसलेला कागद टेबलावरून पुढे सरकू देत नाही. आणि इथे स्वतःच्या घराची किल्ली दारात आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात दिली! माझा पासवर्ड म्हणजे कुलदेवीचं नाव आणि मुलीचं जन्मसाल. देवी राखणार तरी कशी? मीच नेऊन दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावहून मावसबहिणीचा फोन.

"दादा, तू बरा आहेस ना? आणि मला इंग्रजीत मेल कधीपासून लिहायला लागलास?"

माझ्या नावाने पत्र गेलं होतं ते असं : घरचं माणूस अचानक इस्पितळात आहे, माझा फोन बिघडलाय म्हणून बोलता येत नाही, पैशांची तातडीने गरज आहे, सोबतच्या बँक खात्यात भरा, पुढच्या आठवड्यात परत करतो. फोन बिघडल्याचं ते वाक्य मोठं हुशारीचं. कुणी खात्री करायला फोन करू नये, म्हणून घातलेलं.

मी मेल उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. चोराने तो बदलला होता. मग 'पासवर्ड विसरलो' या वाटेने, माझ्या नेहमीच्याच फोनवरून, घरच्याच इंटरनेटवरून प्रयत्न केला. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा असली की अशा वेळी आपली बाजू थोडी बळकट होते. तासाभराने खातं परत मिळालं. नवा पासवर्ड घातला, इतर सगळ्या यंत्रांवरून खातं बाहेर काढलं. तोच पासवर्ड आणखी चार ठिकाणी वापरला होता, तिथेही बदलला. व्हॉट्सअपवर सर्वांना कळवलं की ते पत्र माझं नव्हे. सुटलो, असं वाटलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

पाच-सहा दिवस गेले. मला एकाही ओळखीच्या माणसाचा मेल येईना. चवथीची धांदल, कोण लिहिणार, म्हणून मी गप्प. तयेच्या आदल्या दिवशी फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा घरी आला. त्याला सहज सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, पासवर्ड बदललास ते ठीक. सेटिंगमधले फिल्टर बघितलेस?"

फिल्टर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. चोर आत असताना एक नियम लिहून गेला होता : माझ्या यादीतल्या लोकांचे मेल माझ्या नजरेस न पडता थेट कचरापेटीत जावेत, आणि त्यांची एक प्रत त्याच्या पत्त्यावर जावी. कुलूप बदललं तरी हा नियम आपला चालूच. मी सहा दिवस ज्याला सुरक्षित समजत होतो, त्या खात्यातली पत्रं तो रोज वाचत होता.

कचरापेटी उघडली. तेवीस मेल. बहुतेक 'काय रे, हे खरं का?' असे. त्यांत एक सरांचा होता.

सर म्हणजे माझे हायस्कूलचे मराठीचे शिक्षक. वय ऐंशीच्या पुढे. व्हॉट्सअप वापरत नाहीत. परदेशातल्या नातवाने मेल तेवढा शिकवून ठेवलाय. त्यांनी लिहिलं होतं, मराठीत : पंधरा हजार भरले आहेत, परत करण्याची घाई नको, देवावर विश्वास ठेव.

मी तसाच स्कूटर काढून त्यांच्याकडे गेलो. बसने फोंड्याला जाऊन, बँकेत स्वतः स्लिप भरून त्यांनी पैसे पाठवले होते. तिथूनच आम्ही १९३० या हेल्पलाईनला फोन लावला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. हा फोन जितका लवकर जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही सहा दिवस उशिरा. पैसे केव्हाच काढून झाले होते. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण आधी चोर सापडायला हवा ना!

मी न राहवून विचारलं, "सर, मी तुम्हांला जन्मात कधी इंग्रजीत लिहिलंय? तुम्हांला संशय कसा आला नाही?"

सर म्हणाले, "आला ना. पण मला वाटलं, माझ्याकडे मराठीत पैसे मागायची तुला लाज वाटली असेल. म्हणून इंग्रजीचा आडोसा घेतलास."

ज्या इंग्रजीवरून बहिणीने चोर ओळखला, तीच इंग्रजी सरांना माझी अडचण वाटली. मी खाली बघत बसलो.

पाच दिवसांचा गणपती पोचवून पंधरा हजार घेऊन पुन्हा गेलो. सर घेईनात. "मी ते तुला दिले होते. तुला पोचले नाहीत, ही गोष्ट वेगळी." शेवटी बाईंनी पाकीट देवासमोर ठेवलं, तेव्हा तो वाद मिटला. निघताना सरांनी विचारलं, "पण खरंच अडचण आली असती, तर मला कळवलं असतंस?"

मला 'हो' म्हणता आलं नाही. चार वर्षांत मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

आता माझ्या मेलला पासवर्डनंतर फोनवरची दुसरी खात्री लागते. महिन्यातून एकदा फिल्टर आणि 'पुढे पाठवा'ची सेटिंग तपासतो. तुम्हीही आज तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि सरांशी ठरवून ठेवलंय : माझ्या नावाने कुणी पैसे मागितले, तर आधी विचारायचं, आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी भाषण विसरलो ते कुठल्या वाक्यावर. ते आम्हां दोघांनाच ठाऊक आहे.

दर रविवारी सरांना फोन करतो. फोन बिघडला, तर स्कूटर आहेच.