मनमाडचे उधारीचे दुकान

मनमाड म्हटले की बहुतेकांना गाडी बदलायचे जंक्शन आठवते. मुंबईहून येणारी वाट इथे फुटते. एक भुसावळकडे, एक दौंडकडे आणि एक मराठवाड्याकडे. मराठवाड्याकडून येताना अंगठ्यासारखा उभा सुळका दिसला की गाव आले असे समजावे. त्याला हडबीची शेंडी म्हणतात. गेल्या महिन्यात पुतणीच्या मंगल परिणयासाठी गेलो होतो. दुपारी सवड मिळाली, तेव्हा पाय आपोआप आमच्या जुन्या किराणा दुकानाकडे वळले.

दुकान तसे लहानच. पुढे लाकडी फळी, फळीवर तराजू आणि काचेच्या बरण्या. एका बरणीत रावळगावच्या गोळ्या असत. रावळगाव आमच्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातले. साखर कारखाना १९३३ चा, गोळ्या १९४२ पासूनच्या. पंचवीस पैशांत हाताची मूठ भरत असे. ते नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, आणि २०२४ साली रावळगावचे नावही २७ कोटींना रिलायन्सकडे गेले.

आई सामानाला जाई ती लाल पुठ्ठ्याची वही घेऊन. दुकानदार काका सामान बांधीत, आमच्या वहीत लिहीत आणि तेच आपल्या खतावणीत उतरवीत. आईला अक्षरओळख नव्हती. मी चौथीत गेल्यावर बेरीज तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे बी.कॉम.ला हिशेबाची दुहेरी नोंद शिकलो, तेव्हा वाटले, अरे, ही तर आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात होती! आईला या दुकानाचे एका गोष्टीसाठी फार कौतुक. तिच्या माहेरच्या खेड्यात दुकानदार सामान वरून टाकीत असे आणि पैसे उंबऱ्यावर ठेवायला लावीत असे. इथे काका सुटे पैसे तिच्या हातावर मोजून देत.

वडील रेल्वेत गँगमन होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला याच मनमाडात रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. आपल्या माणसाला गँगमनच ठेवतात, पोर्टरही करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. वडील त्यानंतर तीसेक वर्षांनी नोकरीला लागले, तेही गँगमनच!

१९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. ८ तारखेला सुरू झाला, २७ ला मागे घेतला गेला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आईने तो इतक्यांदा सांगितला की पाहिल्यासारखाच वाटतो. गावातल्या काही दुकानांनी रेल्वेवाल्यांच्या वह्या परत केल्या. काकांनी केल्या नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, चहा-साखर मागू नका. ज्वारी, डाळ, तेल, मीठ नेत जा." ती उधारी फेडायला आमच्या घराला दिवाळी उजाडली.

आता हिशेबाचे माणूस म्हणून एक सांगतो. काकांचा भाव बाजारापेक्षा किलोमागे थोडा चढाच असे. उधारीच्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. व्याज वहीत कधी दिसले नाही, ते भावात होते. तरीही आई दुसरीकडे गेली नाही. रोखीचे दुकान स्वस्त असले, तरी महिन्याच्या वीस तारखेनंतर ते तिच्यासाठी बंदच असे.

आता अर्ध्या जागेत मोबाइलचे दुकान आहे. फळीवर क्यूआर कोडचा फलक. गल्ल्यावर मुलगा बसतो, काका मागे खुर्चीत असतात. त्यांनी मला वडिलांच्या नावाने ओळखले. त्यांनी चहा मागवला, या वेळी साखरेसकट. उधारीच्या वह्या अजून आहेत का, असे विचारले, तर मुलाने ड्रॉवर उघडून दाखवला. मोजून सहा. सगळ्या पेन्शनवाल्यांच्या.

"आणि रुळावर काम करतात ती पोरं?" मी विचारले.

"ती बरीचशी कंत्राटदाराची, दादा. आज इथं, पुढच्या महिन्यात कुठं, त्यांनाच माहीत नसतं. कुणाच्या नावावर लिहू?"

काका मध्येच म्हणाले, "तुझ्या वडलांची उधारी मी कुठं दिली? त्यांच्या मागं रेल्वेचा पगार उभा होता. संपातही नोकरी जाणार नाही, असा भरवसा धरला होता मी."

मला त्यांचे बोलणे आवडले नाही, पण खोटे म्हणता येईना. एवढ्यात नारिंगी जाकीट घातलेला एक तरुण आला. सोबत चार-पाच वर्षांची मुलगी. त्याने पाव किलो तूरडाळ, एक साबण आणि तेलाची लहान पिशवी मागितली. मुलाने आकडा सांगितला. तरुणाने खिशातल्या नोटा फळीवर मांडून दोनदा मोजल्या, आणि साबण परत केला.

काकांनी बरणीतून एक गोळी काढून मुलीच्या हातावर ठेवली. त्यांच्या मुलाने ती वहीत लिहिली नाही.