बोस्टनच्या वाड्यातला बहर

ईद होऊन आठवडा झाला होता, तरी बोस्टनच्या झाडांना अजून पान फुटले नव्हते. धाकट्या बहिणीकडे आम्ही अम्मीला घेऊन गेलो होतो. खिडकीतून नुसत्या काटक्या बघून ती कंटाळली होती. "आपल्याकडे आता आंबे उतरले असतील," असे रोज म्हणायची. म्हणून एका सकाळी आम्ही तिला इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात नेले.

व्हेनिसच्या हवेल्यांच्या धर्तीवर बांधलेला हा वाडा 1903 मध्ये लोकांसाठी खुला झाला. बाहेरून अगदी साधा. आत मात्र मधोमध चौक, वर काचेचे छत आणि तिसऱ्या मजल्याच्या सज्जांतून खाली झुलणारे नारिंगी फुलांचे वेल! वीस-वीस फूट लांब. ही नॅस्टर्शियमची फुले. पाने लहानशा कमळाच्या पानांसारखी गोल. इझाबेलाबाईंनी सुरू केलेली ही रीत दर वसंतात पाळली जाते. आदल्या वर्षीच बी पेरतात, हिवाळाभर हरितगृहात वेल वाढवतात, तेव्हा कुठे हा देखावा उभा राहतो.

वरच्या दालनात भिंतीवर रिकाम्या चौकटी दिसल्या. 1990 मध्ये इथून तेरा कलाकृती चोरीला गेल्या, त्या अजून सापडलेल्या नाहीत. बाईंनी मृत्युपत्रात मांडणी बदलू नये असे लिहून ठेवले होते, म्हणून चौकटी जागेवरच आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा 1865 मध्ये गेला, दोन वर्षांचाही नव्हता. बहिणीने हे सांगितले तेव्हा अम्मी बराच वेळ त्या चौकटींसमोर उभी राहिली.

आम्ही गप्प होतो. मोठा भाऊ जाऊन दोन वर्षे झाली. अम्मीने त्याची खोली तशीच बंद ठेवली आहे. चादरसुद्धा कुणाला बदलू देत नाही.

खाली चौकात आल्यावर तिने विचारले, "ही फुले किती दिवस राहतात?"

"तीनेक आठवडे," बहीण म्हणाली.

"आणि मग?"

"मग हे वेल काढतात, दुसरी फुले मांडतात. चौकातली फुले वर्षभर बदलत असतात."

"म्हणजे वर काही हलवायचे नाही, आणि इथे सारखे नवे," अम्मी स्वतःशीच म्हणाली.

परतताना गाडीत तिने फोन मागितला. "खालेला लाव. म्हणावे, मुन्नाच्या खोलीच्या खिडक्या उघड. पावसाळ्याआधी जरा वारा लागू दे."