मामांचा हात आणि ४६ मिलिसेकंद

दिवाळी झाली, धान घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीकडे मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटकं सुरू. झाडीपट्टी रंगभूमीचं हेडक्वार्टर म्हणजे देसाईगंज, आमच्या तोंडी वडसा. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्यातल्या माझ्या ऑफिसात 'हे नेमकं कुठे आलं रे?' अशी चौकशी झाली.

माझे मामा या नाटकांत तबला वाजवतात. गेल्या वर्षी नाटकातली गाणी रेकॉर्ड करायला ते एका शहरातल्या स्टुडिओत गेले आणि आले ते गप्पच. ''माहा हात रायला नाही गा आता,'' एवढंच बोलले. सीझनचं बुकिंगही घेईनात!

मी वीकएंडला घरी म्युझिक करतो, म्हणून फाइल मागवली. सुरुवात झकास, पण शेवटच्या कडव्यापर्यंत लय पार ढेपाळलेली. पेटीवाले दुसऱ्या खोलीत होते, म्हणजे दोघं एकमेकांना हेडफोनमधूनच ऐकणार. फोन करून सेटिंग विचारलं. बफर १०२४! बॉस, इथेच घोळ होता.

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, बादली भरली की उचलतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल्स धरले तर १०२४ ची बादली भरायला २३ मिलिसेकंद, बाहेर पडताना तेवढेच. झाले ४६. एवढ्या वेळात आवाज हवेतून जवळजवळ १६ मीटर जातो. म्हणजे पेटी मैदानाच्या पलीकडे! समोरच्याची वाट बघत दोघंही हळू होत गेले.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरमध्ये 'डिले कॉम्पेन्सेशन' असतं ना? असतं की. एखादा प्लग-इन पुढचं ऐकून काम करतो, म्हणून त्याचा ट्रॅक उशिरा येतो. मग बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवले जातात. वऱ्हाडातला एक जण तयार व्हायचा असला की अख्खी बस थांबते, तसं. (प्रो टूल्सच्या स्वस्त आवृत्तीवाल्यांना ही सोय थेट २०१० मध्ये मिळाली.) मिक्सिंगला हे वरदान. पण आत्ता वाजणाऱ्या तबल्याला थांबवून काय उपयोग? तो कानात आणखीच उशिरा येणार.

वडशाला एका खोलीत लॅपटॉप लावला. बफर ६४, जड प्लग-इन्स बंद. जाऊन-येऊन जेमतेम ३ मिलिसेकंद. पेटीवाल्यांना मुद्दाम शेजारच्या खोलीत बसवलं. मामांनी हेडफोन चढवला, दोन आवर्तनं वाजवली आणि दाराकडे बघून म्हणाले, ''हा इथंच बसला हाय का गा?''

संध्याकाळी त्यांनी कंपनीला स्वतःहून फोन लावला.