छपराखालचं खळं

अण्णा सोलापूरहून माझ्याकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला आले तेव्हा राजवाडे बघायची त्यांना हौस नव्हती. "हितल्या शेतकऱ्याचं कायतरी दाव," म्हणाले. मी त्यांना ग्रेट कॉक्सवेलला नेलं. लहानसं गाव, आणि गावाच्या कडेला ते दगडी कोठार. लांबी 152 फूट, रुंदी 44, आढ्यापर्यंत उंची 48 फूट. आत पाऊल टाकण्याआधी अण्णांनी बूट काढले. मला वाटलं, त्यांना हे देऊळच वाटलं असावं. जवळच्या केल्मस्कॉटला राहणारा कवी विल्यम मॉरिस पाहुण्यांना मुद्दाम हे कोठार दाखवायला आणी, आणि त्याची बरोबरी कॅथीड्रलशी करी.

"खळ्यात पायताण घालून जात न्हाईत," अण्णा म्हणाले.

मी दगड बघत होते, ते दारं बघत होते. लांब भिंतींच्या मधोमध, समोरासमोर, दोन उंच देवड्या आहेत. एका देवडीपासून दुसरीपर्यंत ते चालत गेले आणि मध्येच थांबले. "वारं असं येतं. उफणणी हितं."

बरोबर होतं त्यांचं. अशा कोठारांत पेंढ्या दोन्ही बाजूंना रचून ठेवत आणि हिवाळाभर मधल्या जागेत झोडपून मळणी करत. समोरासमोरची दारं उघडली की भूस वाऱ्यावर उडून जाई. आमच्याकडे शाळूची मळणी उन्हाळ्याच्या तोंडाला. आभाळ कोरडं, त्यामुळे खळं उघड्यावर, मध्ये तिवड्याचा खांब, उफणायला वावडी. इथे सुगी ऑगस्टमधली आणि पावसाचा नेम नाही. म्हणून खळंच घरात आणावं लागलं.

हे कोठार बांधलं ते ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी, 13 व्या शतकाच्या अखेरीस. फॅरिंग्डनची ही जमीन राजा जॉनने 1203 मध्ये या पंथाला दिली होती. अशा कोठारांना लोक सरसकट 'टाइद बार्न' म्हणतात, म्हणजे रयतेकडून चर्चने घेतलेल्या दशांशाचं कोठार. हे तसं नाही. मठाच्या स्वतःच्या शेतीचं धान्य इथे येई. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

छपराचा भार भिंतींपेक्षा जास्त ओकच्या खांबांवर आहे. दोन ओळी, सहा-सहा खांब. प्रत्येक खांब जवळजवळ सात फूट उंच दगडी चौथऱ्यावर उभा. अण्णांनी एका चौथऱ्यावर तळहात ठेवला. "तळखडा! आपल्या वाड्यात वीतभर असतो, हितं माणसापेक्षा उंच." काम तेच, लाकडाला ओल लागू नये. वर कौलांच्या जागी दगडाच्या फरश्या, खाली मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत गेलेल्या. त्यांचं ओझं हे खांब सातशे वर्षांहून अधिक काळ पेलत आहेत. गाड्या मोठ्या झाल्या तेव्हा, 18 व्या शतकात, टोकाच्या भिंतींना नवी दारं पाडली.

याच मठाचं सेंट लेनर्ड्सचं कोठार याहून मोठं होतं. त्याच्या आता पडक्या भिंती उरल्यात. हे मात्र शेतीच्या कामात राहिलं, मग 1956 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं.

अण्णांचं आमच्या शिवारातलं खळं दहा वर्षांपूर्वी नांगरटीत गेलं. मळणीयंत्र आल्यावर त्याची गरज उरली नव्हती. तुमच्या गावात एखादं शिल्लक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, आणि तिवडा कुठे रोवायचे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या.