कॅमेऱ्याशी बोलणं सुरू कोण करतं?

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत कॅमेऱ्यांचा विषय निघाला की चर्चेची वाट ठरलेली असते. कॅमेरे किती, मेगापिक्सेल किती, रात्री रंगीत दिसतं का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, आणि आलेल्या कोटेशनांतलं स्वस्त कुठलं. यातला रेकॉर्डिंगचा प्रश्न निव्वळ गुणाकाराचा आहे: सेकंदाला ४ मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, सोळा कॅमेरे ६९० जीबीच्या आसपास. हार्ड डिस्कच्या आकाराला त्यानं भागलं की दिवस निघतात. शेवटी कुणीतरी ‘मोबाइलवर दिसेल ना?’ असं विचारतं, बसवणारा मान डोलावतो आणि ठराव मंजूर होतो. माझ्या मते चर्चा तिथे सुरू व्हायला हवी. मोबाइलवर दिसणार ते कोणत्या वाटेनं? मोबाइल थेट कॅमेऱ्यापर्यंत येणार, की कॅमेरा आपणहून बाहेरच्या कुठल्या सर्व्हरकडे जाणार? आयपी अ‍ॅड्रेस, पोर्ट, नॅट, पोर्ट फॉरवर्डिंग, पीटूपी हे शब्द ऐकून लोक अंग चोरतात. पण ते बहुतेक सगळे या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. जोडणी कोण सुरू करतं, एवढं ज्याला कळलं, त्याला आपल्या कॅमेऱ्यांचं धोक्याचं गणित बरंचसं कळलं.

जुना कोॲक्सिअल केबलवरचा कॅमेरा डीव्हीआरला चित्र पाठवायचा, बस्स. बाहेरच्या कुणाचं ऐकून घेण्याची सोयच त्याच्याजवळ नव्हती. नेटवर्क कॅमेरा हा भिंग लावलेला संगणक आहे. स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीनं असा पहिला कॅमेरा १९९६ मध्ये बाजारात आणला. आजच्या कॅमेऱ्यात स्वतःचा वेब सर्व्हर असतो आणि तो ठरावीक पोर्टवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या दारांवर, कान देऊन बसतो: सेटिंग्जच्या पानासाठी बहुधा ८०, चित्राच्या प्रवाहासाठी ५५४. योगायोगानं त्याच १९९६ मध्ये खासगी आयपी पत्त्यांचे पट्टे आजच्या रूपात ठरले. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यातलाच. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक उपकरणाला जगात एकमेव असा पत्ता मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून घरातल्या उपकरणांना खासगी पत्ते आणि बाहेर राउटरचा एकच सार्वजनिक पत्ता, अशी व्यवस्था रुळली. या दोहोंची अदलाबदल म्हणजे नॅट. आतून कुणी बाहेर विचारणा केली की राउटर तिची नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्या उपकरणाला पोचवतो. बाहेरून न विचारता काही आलं, तर ते कुणाचं हेच त्याला ठाऊक नसतं, म्हणून तो ते टाकून देतो. नॅटचा शोध सुरक्षेसाठी लागला नव्हता, पण हा आडोसा त्यातून आयता मिळाला. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे तो आडोसा एका ठिकाणी कायमचा काढून टाकणं: बाहेरून अमुक पोर्टवर कुणीही आलं, तर त्याला थेट कॅमेऱ्याकडे सोड. आणि राउटरमध्ये यूपीएनपी सुरू असेल, तर कॅमेरा मालकाला न विचारता स्वतःच राउटरला तसं सांगू शकतो.

‘आमच्या पार्किंगमध्ये बघण्यासारखं आहे काय?’ हा आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर २०१६ मध्येच मिळालं. मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं इंटरनेटवर उघडे टेलनेट पोर्ट, म्हणजे उपकरणात दुरून शिरण्याची दारं, शोधले आणि कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून पाहिल्या. तेवढ्यावर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखांच्या संख्येनं हाती आले. त्यांतलं चित्र कुणाला नकोच होतं. हवी होती त्यांची नेट जोडणी. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांच्या फौजेनं डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. चित्रच हवं असलेलेही असतातच. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्यं यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीसाठी फिरत असल्याचं उघड झालं. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो वजनदार आहे. पोर्ट फॉरवर्डिंग आता उरलंय कुठे? अनेक ब्रॉडबँड कंपन्या ग्राहकाला सार्वजनिक पत्ता देतच नाहीत. राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर कंपनीच्या पातळीवर आणखी एक नॅट आहे असं समजावं. तिथे घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं कुणी पोचणार नाही. म्हणून पीटूपी आलं. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन उत्पादकाच्या सर्व्हरशी जोडणी राखतो, मोबाइलही तिथेच जातो, क्यूआर कोडमधला क्रमांक दोघांची गाठ घालून देतो. दिशा उलटली आणि उघडं पोर्ट गेलं, हा फायदा मला मान्यच आहे. पण विश्वास आता राउटरवरून सर्व्हरवर आणि खात्यावर सरकला. २०१९ मध्ये आयलिंकपीटूपी या व्यवस्थेतले उपकरणांचे क्रमांक अंदाजानं काढता येतात हे दिसून आलं, तेव्हा अशी वीस लाखांहून अधिक उपकरणं नेटवर होती. शिवाय ते खातं कुणाच्या मोबाइल नंबरवर उघडलंय? ते बसवणाऱ्याच्या नंबरवर असेल, तर कंत्राट संपल्यावरही सोसायटीचे कॅमेरे त्याच्या खिशात राहतात. आणि आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांचा तुटवडा नसल्यानं नॅटची गरजच पडत नाही, म्हणजे तो आयता आडोसाही नाही. तिथे बाहेरून आलेली जोडणी अडवणं हे राउटरच्या फायरवॉलचंच काम, आणि ते सुरू आहे का हे राउटरच्या पानावर पाहावंच लागतं.

हे सगळं वापरणाऱ्यानं का शिकायचं, कायदा आहे की, असंही म्हटलं जातं. आहे. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या, आणि त्याचं मी स्वागतच करतो. पण चाचणी कॅमेऱ्याची होते, तुमच्या राउटरमधल्या फॉरवर्डिंगच्या यादीची नाही. आणि २०१९ मध्ये जिन्यात लावलेला कॅमेरा नव्या नियमानं बदलत नाही. म्हणून काम ताब्यात घेताना निदान चार गोष्टी लिहून घ्याव्यात: राउटरचा बाहेरचा पत्ता सार्वजनिक आहे की नाही, कोणते पोर्ट उघडले, यूपीएनपी बंद केलं का, आणि खातं कुणाच्या नावावर आहे. सोसायटीला सार्वजनिक पत्ता मिळत असेल, तर राउटरवर व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्याच लोकांसाठीची कूटबद्ध वाट, लावून त्यातूनच आत शिरणं मला सर्वांत सरळ वाटतं. मागच्या बाजूला पीओई (केबलमधूनच वीज देणारे) पोर्ट असलेला एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, घेतला, तर कॅमेऱ्यांचं नेटवर्क बहुधा वेगळंच राहतं आणि बाहेरच्या जगासमोर राखण्याजोगं यंत्र सोळाऐवजी एकच उरतं. त्याचं फर्मवेअर वर्षभरात कुणी अपडेट करायचं, हेही कंत्राटातच नमूद असावं; नाहीतर ते कुणीच करत नाही.