कळमन्याहून बाबांना

कळमना, सोमवार रात्र



फोनवर तुम्ही नुसतं हॅलो हॅलो करता आणि शेवटी आईकडे देता, म्हणून कागदावर लिहिते आहे. फोटो काढून पाठवीन. सोनूला मोठ्यानं वाचायला लावा, तेवढंच त्याचं मराठी सुधारेल. गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत असं आई म्हणते, चालू नाहीत असं सोनू म्हणतो. माझा सोनूवर विश्वास आहे.

इथं पाऊस. स्टेशनबाहेर पाय ठेवला तेव्हा लागलेला अजून लागलेलाच आहे. कळमना म्हटल्यावर ऑटोवाल्यानं दीडपट मागितले. लोहापुलाखाली पाणी आहे, लांबून जावं लागेल, म्हणे. लांबूनच नेलं, पण मीटरच्या नव्हे, त्याच्या मनाच्या हिशेबानं. पारडीच्या अंगाला तो पूल दिसला, 2021 च्या ऑक्टोबरात रात्री ज्याचा तुकडा खाली आला होता तो. तेव्हा तुम्ही ‘गाळ्यावरून निघायला अर्धा तास उशीर झाला म्हणून वाचलो’ असं ज्याला त्याला सांगत होतात. आई म्हणते, तुम्ही त्या दिवशी घरीच होतात.

मामीनं गोळाभात केला होता. डाळीचे गोळे भातातच शिजलेले, आणि वरून लसूण-मिरचीचं ते कढत तेल, ओतल्यावर चर्र होतं ते. पुण्यात मी करते तो गोळाभात नाहीच, हे आज परत कळलं. सोबत कढी. चिंब भिजून आलेल्या माणसाला दुसरं काही लागत नाही. मी इतकं जेवले की मामा म्हणाले, ‘बेबी, पुण्याले जेवण देत नाहीत काय वं?’

तुमचा निरोप पोचला. आईनं सांगितला, सोनूनं टाईप करून पाठवला, आणि मी यायच्या आधी मामांनाही तुम्ही फोन करून ठेवलात. गाडी पुण्याला आणायची, पण पावसात काढायची नाही. पोचला, बाबा.

बेबी


मंगळवार, यार्डात, चहाच्या टपरीवर

कागद ओला झालाय तो पावसानं नव्हे, चहानं.

सकाळी गाळ्यावर गेले. नवीन अडत्यानं तुमची गादी हलवली आहे, पण लक्ष्मीचा फोटो तिथंच ठेवलाय. हरभऱ्याचा लिलाव चालू होता. शेडमध्ये व्यापाऱ्यांनी घेऊन ठेवलेला माल थप्प्या लावून कोरडा, आणि आज आलेल्या शेतकऱ्यांच्या ढेऱ्या बाहेर उघड्यावर. सर आली की ताडपत्रीसाठी पळापळ. एक म्हातारा कुहीकडचा होता. त्याच्या ढेरीखालून पाणी शिरलं, तर तो हातानं दाणे सुपात भरत होता. मापारी म्हणाला, ओल लागली, आता भाव पडणार. हे मी लहान असल्यापासून ऐकत आलेय. तेव्हाही शेड कमीच होत्या.

आणि मग मागच्या कोठीत तुमची गाडी. दोन ताडपत्र्या, त्यावर बारदाना, त्यावर जुनं सोलापुरी बेडशीट. चाकांखाली विटा. मी हमालाला म्हटलं काढ, तर तो म्हणाला, ‘ताई, शेठनं सांगतलं होतं का मृगापासून दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.’ तुम्ही यार्ड सोडून वर्ष झालं आणि तुमचा हुकूम अजून चालतो.

एक सांगू का, रागावू नका. पावसाळ्यात तुम्ही डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्कूटरवर यायचात. आई तापानं फणफणलेल्या माणसाला काढा करून द्यायची. आणि ही बया इथं कोरडी, बारदान्यात. लोकांचा माल बाहेर भिजत होता आणि यार्डातली एक सबंध कोठी बिनछपराच्या गाडीला छप्पर देत होती. कुहीच्या म्हाताऱ्याला पाहिल्यावर हे मनात आलं, म्हणून लिहिलं. आईसमोर वाचायला लावू नका.


बुधवार रात्र

मिस्त्री येऊन गेला. तोच, ज्याच्याशी तुम्ही कार्बोरेटर की इंजेक्शन यावरून भांडला होतात. अजून आठवण काढतो.

काढला तेव्हा गाडीचा घडीचा टप पिवळा पडलेला. मागच्या प्लॅस्टिकच्या काचेला बारीक चिरा. दारांची रबरं हाताला खडीसाखरेसारखी लागली, दाबली की मोडतात. मी म्हटलं, बघा, एवढं जपूनही. तर तो म्हणाला, ‘पाण्यानं नाही झालं ताई, उन्हानं झालं. शेठ मे महिन्यात चालवून राहिले होते ना.’ खरंच की, बाबा. पंचेचाळीस अंशांत तुम्ही टप उघडा टाकून सेमिनरी हिल्सला जायचात, नंतर टप उन्हात वाळत पडायचा. पावसापासून वाचवली आणि नागपूरच्या उन्हाला दिली.

टायर बघा, म्हणजे तुम्हाला बघता येणार नाहीत, मी सांगते. नक्षी नव्यासारखी, कायद्यानं 1.6 मिलिमीटर लागते त्याच्या कितीतरी जास्त. तुम्ही याच्यावरच खूश होतात. पण टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर 2214 आहे. म्हणजे 2014 चे. रबर लाकडासारखं झालंय. कोरड्या रस्त्यावर कळणार नाही. ओल्या रस्त्यावर चाक आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा आला, की ते नक्षीतून पाणी बाहेर काढील, पण रस्ता धरणार नाही. मिस्त्रीचं म्हणणं, हे टायर कोरडेच राहिले म्हणून पावसात धोक्याचे झाले. चारही बदलले. त्या मापाचे मिळवायला मामा अर्ध नागपूर फिरले. बिल पाठवत नाही.

ब्रेकचं तेल काळं. ते हवेतली ओल पितं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी चालो की न चालो. टाकीतलं पेट्रोलही तसंच, त्यात आता वीस टक्के इथेनॉल येतं आणि तेही ओल ओढतं. मिस्त्रीनं टाकी उपसली, तर खाली पाण्याचा थर. बारदान्याखाली, कोठीत, पावसाचा थेंब न लागता टाकीत पाणी! दारांच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती हरभऱ्याच्या फोलपटांनी बुजलेली. उंदरांनी डाव्या दिव्याची वायर खाल्ली आहे. धान्याच्या बाजारात ठेवल्यावर ते काय खाणार नाहीत?

चालू केल्यावर मी ब्लोअरचं बटण फिरवलं. बाबा, त्यातून मिरची आली. कितीतरी मोसमांची, मिरचीच्या लिलावातून उडून जाळीत बसलेली. मी, मिस्त्री आणि हमाल, तिघेही बाहेर येऊन शिंकत उभे राहिलो. भिवापुरीच असावी.


गुरुवार

आज ती कचेरी. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे कुठली. पत्ता बदलायचा होता. अर्ज ऑनलाईन, पण तपासणी खिडकीवर, आणि खिडकी जेवणाच्या सुट्टीनंतर, आणि जेवणाची सुट्टी त्या माणसाच्या पोटावर. त्याच्या यादीत कंपनीचं नाव नाही. ‘सॅन स्टॉर्म म्हणजे मारुतीची काय?’ नाही हो, सॅनचीच. ‘असं काही नसते.’ आरसी पुढे केली, पंधरा वर्षांनी नूतनीकरण झाल्याचा शिक्का दाखवला, फोटो दाखवला. तो फोटोकडे बघून म्हणाला, ‘याले छत नाही तर नंबर कायले पाहिजे?’ मागची माणसं हसली. मला रडू यायला लागलं होतं, पण एवढ्या माणसांत मी रडत नाही. मग एक बाई उठल्या, त्यांनी यादीत खाली खाली जाऊन ‘इतर’ निवडलं. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी माझा पूर्ण दिवस, आणि मामीनं दिलेली पाटवडी डब्यात थंड.

रश्श्याशिवाय थंड पाटवडी खाऊन मी विचार केला तो असा.

ट्रकनं पाठवायची, तर ट्रॉली उघडी. म्हणजे पाऊस गाडीला लागणारच, फक्त मला लागणार नाही. बंद कंटेनरवाल्यानं जो भाव सांगितला त्यात आईच्या दोन्ही बांगड्या होतील. दसऱ्यापर्यंत ठेवायची, तर कोठी महिनाअखेर सोडायची आहे.

आणि ही गाडी झाली कुठं? गोव्यात. नागपूरच्या तिपटीच्या आसपास पाऊस पडतो तिथं. अंग फायबरचं, ते गंजत नाही, खालच्या सांगाड्याला काय ती काळजी. ही घेताना ‘फायबर आहे, फायबर’ म्हणून तुम्हीच बोनेट ठोकून दाखवायचात. बिनछपराच्या गाड्यांची हौस कोणाला, तर इंग्रजांना, ज्यांच्याकडे बारा महिने भुरभुर असते. ऍबिंग्डनला एमजीवाल्यांनी पन्नास वर्षं तशा गाड्या केल्या, त्या काय कोठीत ठेवायला? टप त्याचसाठी असतो.

मला भीती पडणाऱ्या पाण्याची नाही, साचलेल्याची आहे. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घरांत शिरली, तेव्हा किती गाड्या गेल्या. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं की संपलं, पाणी दाबलं जात नाही, दांडाच वाकतो. आणि आपली ही जमिनीला टेकलेली, ट्रकच्या चाकाचा नट हिच्या काचेसमोर येतो. तेव्हा पुलाखालून नाही, पाण्यातून नाही, रात्री नाही. बंद पडलीच पाण्यात, तर परत किल्ली फिरवायची नाही, हेही मला माहीत आहे.

ठरवून झालंय, विचारत नाही आहे. पावसात काढणार आहे. तुमचा फोन मामांकडे येईल, तर मामा आंघोळीला गेलेत असं सांगायला मी सांगितलं आहे.


शनिवार, जालन्याच्या पुढे, आत्याकडे, रात्री

पोचले. आधी तेवढं वाचा, मग बाकीचं.

सकाळी निघताना उघडीप होती. तर्री पोहे खाल्ले, तीस रुपये, तर्री दुसऱ्यांदा मागितली तर वाढली. दीक्षाभूमी बाहेरून. समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी टायर बघणारे उभे होते. एकानं वाकून आकडे वाचले आणि म्हणाला, ‘नवे आहेत, जा.’ टायरचे पैसे तिथंच वसूल.

पुढं वर्ध्यानंतर जो आला तो पाऊस नव्हता, भिंत होती. टप गळतो, बाबा. डाव्या बाजूला, बरोब्बर बॅगेवर. मिस्त्रीनं लावलेलं नवं रबर उजवीकडचं चांगलं बसलं, डावीकडचं नाही. माझ्या साड्या भिजल्या, मी कोरडी. सोनूनं विचारलं होतं की स्पोर्ट्स कार आहे तर किती पळते. त्याला सांगा, साठ घोडे आहेत, त्यातले पावसात ऐंशीच्या वर जायला कोणी तयार नव्हतं, आणि मीही नव्हते. एकशेवीसची परवानगी आहे, असू दे. खरा त्रास ट्रकचा. ट्रक पुढे गेला की त्याच्या चाकांतून उडालेलं पाणी थेट काचेवर, दोन-तीन सेकंद काहीही दिसत नाही. म्हणून ट्रकच्या मागे किंवा खूप पुढे, शेजारी कधी नाही. सिंदखेडराजाजवळ 2023 ला ती बस जळाली होती, पंचवीस माणसं. तिथं रेडिओ बंद केला.

लोणारचा फाटा त्याआधीच गेला होता. सरोवर तिथंच असणार.

रस्त्यात खायला काही नाही, मामीच्या तिखटामिठाच्या पुऱ्या होत्या म्हणून. गाडी थांबवून पुऱ्या खात होते तेव्हा पाऊस टपावर वाजत होता, पत्र्याच्या शेडवर वाजतो तसा नाही, मऊ. वायपर चालू ठेवून खाल्लं. एकदाही बंद पडली नाही. तुम्हाला वाटत असेल मी तुमचं मन राखायला लिहितेय, पण इंजिन इतकं गोड चाललं की मला तुमचाच राग आला, इतकी वर्षं पावसाळ्यात हिला झोपवलं म्हणून.

आत्यानं ज्वारीची भाकरी आणि ठेचा. इथं गार आहे, मला दोन गोधड्या लागल्या. घरची आठवण येतेय, म्हणजे मुख्यतः माझ्या उशीची.

उद्या अहिल्यानगरच्या रस्त्यानं येईन, दुपार होईल. ब्रेकच्या चकत्यांवर रात्रीतून गंजाचा पिवळा थर येतो, तो सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा दाबला की निघतो. हे आधीच लिहिते, नाहीतर तुम्ही बघून ओरडाल. सोसायटीत कव्हर पार्किंग मागू नका, त्या सेक्रेटरीला दुसरं काम नाही. टप ओला असताना दुमडायचा नाही, बुरशी येते, तो उघडून वाळवायला मोकळी जागा हवी. पाण्याच्या टाकीजवळची. घासायला जुने टॉवेल आईकडून काढून ठेवा, तुमचा निळा नको.

आणि किल्ली लगेच मागू नका. ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं आहे आणि क्लच डाव्याच पायाला. डॉक्टरांना सोमवारी विचारा, पण नीट विचारा. ‘गाडी चालवू का’ असं म्हणालात तर ते ऑटोमॅटिक धरून हो म्हणतील. क्लच म्हणा.

बेबी